रितं घर देऊ नये

गेल्या रविवारी सुरतेतल्या दिंडोलीच्या आमच्या घराच्या किल्ल्या नव्या मालकांना दिल्या. दस्तावेज आठ दिवस आधीच झाला होता, पैसे खात्यात आले होते, सामान दोन टेम्पोंतून भावाकडे पोहोचलं होतं. तरी आई ओटा पुसत होती. तिसऱ्यांदा. भाऊ दारातून म्हणाला, "आई, आता घर त्यांचं झालं. ते धुऊन घेतीलच की." आई फडकं पिळत म्हणाली, "खरकटा ओटा देतात का कुणाला?"

मग तिनं पिशवीतून एकेक वस्तू काढली. नवा माठ काठोकाठ भरून त्यावर झाकणी ठेवली. देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोनाड्यात वाटीभर तांदूळ, वर सुपारी. ओट्यावर मिठाचा न फोडलेला पुडा आणि गुळाचा खडा. दाराआड नवी केरसुणी. शेजारणीचं भांडं आईनं आयुष्यात कधी रितं परत केलं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. घराचंही तिच्या लेखी तेच. ज्या कोपऱ्यात श्रावणात कानबाई देवी बसायची, तिथं मात्र ती काही न ठेवता नुसती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

मला अकरा वर्षांपूर्वीच्या अडाजणच्या बा आठवल्या.

आम्ही राहतो ते घर त्यांच्याकडून घेतलेलं. बांचे यजमान गेलेले, दोन्ही मुलगे अमेरिकेत, त्या नवसारीला लेकीकडे चाललेल्या. दलाल आम्हाला घर दाखवत होता: ही फरशी कोटा, हा हवेशीर हॉल, शाळा चालत पाच मिनिटं. बा झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर उठल्या, मला म्हणाल्या, "आवो बेन, एक वस्तु बतावुं." जिन्याखालचं कपाट उघडलं, तेलाचे डबे बाजूला केले आणि आत बोट दाखवलं. कपाटाच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलची आडवी रेघ होती, माझ्या खांद्याच्या किंचित वर. खाली गुजराती आकड्यांत तारीख, ऑगस्ट २००६ ची. रेघेखालचा चुना मातकट, वरचा पांढरा. "पाणी अहीं हुधी आवेलुं," बा अस्सल सुरती बोलीत म्हणाल्या.

त्या ऑगस्टची गोष्ट सुरतेत कुणाला सांगावी लागत नाही. वर पाऊस कोसळत होता, उकाई धरण भरत आलेलं, आणि शेवटी सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी तापीत सोडलं गेलं. अडाजण, रांदेर, नानपुरा, कतारगाम पाण्याखाली गेले. लोक गच्च्यांवर बसून राहिले. चोहीकडे पाणी, आणि प्यायला थेंब नाही. त्यानंतर शहरानं झपाट्यानं गाळ उपसला, भिंती रंगवल्या, पुन्हा रंगवल्या. बांनीही घर दोनदा रंगवून घेतलं होतं. दोन्ही वेळा रंगाऱ्याला सांगितलं होतं, कपाटाच्या आत हात लावू नकोस.

दलालाचा चेहरा उतरला. "बा, हवे ए जूनी वात..." असं काहीतरी तो पुटपुटला. बा त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "एने रहेवानुं छे, मारे नहीं."

त्या रात्री आम्ही दोघं बोललो. रेघ दाखवून भाव खाली आणता आला असता, हे आमच्या मनात आलं, का नाही येणार? पण त्याच गल्ल्यांत आम्ही त्याआधी चार घरं पाहिली होती. चारही ठिकाणी "अमारे त्यां पाणी न्होतुं आव्युं" असंच सांगितलं गेलं होतं. एकाच उतारावरची, एकाच जोत्याची घरं! खरं बोलणाऱ्या एकटीचेच पैसे कापायचे? बांनी सांगितला तो भाव आम्ही दिला. आज अकरा वर्षांनीही मला त्याचं समाधान आहे.

पुढे बाणाखत, म्हणजे साठेखत, करताना वकिलांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेले नाही. बांनी जे केलं ते कायद्यातच लिहिलेलं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं ५५ वं कलम सांगतं की मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं उघड केला पाहिजे. सौदा ठरल्यापासून ताबा देईपर्यंत, शहाणा मालक आपल्या घराला जपेल तसं त्यानं घराला जपलं पाहिजे. विक्रीच्या दिवसापर्यंतची सरकारी देणीही त्यानंच चुकती केली पाहिजेत. त्याच कायद्याचं आठवं कलम तर मला फारच आवडलं. घर दिलं म्हणजे काय काय दिलं, ते तिथं मोजलेलं आहे: कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेलं सारं. अडसरसुद्धा! लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरंखुरं घर असणार, संध्याकाळी आतून दार लावून घेणारं.

हे मला भिडलं, कारण त्याआधी आमचा अनुभव उलटा होता. लग्नानंतरचा आमचा पहिला फ्लॅट ताब्यात घेतला तेव्हा मालकांनी बल्ब काढून नेले होते, होल्डरसकट. वायरींची टोकं नुसती लोंबत होती. पंख्याचे हूक कापलेले. पितळी नळ काढून प्लास्टिकचे बसवलेले. गीझर नेला तो नेलाच, पण मागचा पाईप बंदही केला नव्हता; न्हाणीत पाणी साचलं होतं. सोसायटीचा आठ महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला, तो आम्ही भरला. नळ दोनशे रुपयांचा असेल. पण मुलगा कडेवर घेऊन मी त्या अंधाऱ्या घरात उभी होते, आणि आपण इथं कुणाला नको आहोत असंच वाटत राहिलं. ती भावना त्या घरातून गेली नाही. चार वर्षांत आम्ही ते विकलं. निघताना मी प्रत्येक खोलीत नवा बल्ब लावला.

बांनी ताबा दिला तो सकाळचा मुहूर्त बघून. स्वयंपाकघरात त्यांचं पाणियारूं होतं, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची जागा. गुजराती घरात ती निव्वळ सोयीची नसते. तिथं दिवा लागतो, पितरांची आठवण असते. बांनी माटलुं भरून ठेवलं होतं, शेजारी तुपाचा दिवा. बशीत गोळधाणा, म्हणजे गूळ आणि धणे. तो आधी माझ्या मुलाच्या हातावर ठेवला, मग आमच्या. पहिल्या दिवशी लापशी करायला हवी म्हणून फाड्या गव्हाची पुरचुंडीसुद्धा बांधून ठेवली होती. वेराबिल, म्हणजे घरपट्टी, मार्चपर्यंत भरलेलं, पावती टाचलेली. गॅसच्या पाईपलाईनचं कनेक्शन आमच्या नावावर करायच्या अर्जावर सह्या तयार. आणि एक शंभरपानी वही.

ती वही अजून माझ्या ओट्याखालच्या खणात आहे. मी गुजराती वाचते, त्यामुळे अडचण नव्हती. पहिल्या पानावर पाण्याची वेळ आणि मोटर किती मिनिटं चालवायची. मग दूधवाला, प्लंबर, शिडी उसनी देणारं घर. 'उत्तरेकडची खिडकी उंदीयूच्या दिवसांत बंद ठेवावी, वारा थेट चुलीवर येतो.' म्हणजे थंडीत. बा ऋतू पदार्थांनी मोजत. 'तुळशीला दुपारचं ऊन लागतं, कुंडी सरकवावी.' 'समोरच्या बेनला ऐकू कमी येतं, गुस्सो समजवो नहीं.' शेवटच्या पानावर पुराविषयी: पाणी सोडल्याची बातमी आली की आधी कागदपत्रं आणि पिण्याचं पाणी वर न्यायचं, मग धान्य, फ्रिजच्या नादी लागायचं नाही. खाली नवसारीचा फोन नंबर.

जगभर लोक नव्या घरात आलेल्याला काही ना काही देतात. जर्मनीत पाव आणि मीठ नेतात. आईचा मिठाचा पुडा आणि त्यांचा पाव इतके जवळ कसे आले, मला नवल वाटतं. जपानात उलटी रीत होती: नव्यानं राहायला आलेल्यानंच शेजाऱ्यांना सोबा शेवया वाटायच्या. आपल्याकडे नव्या टॉवरांत हल्ली बिल्डर किल्ली देताना समारंभ करतात, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो, चॉकलेटचा डबा. माणसाला आनंद होतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बिल्डरनं त्या घरात एकही पावसाळा काढलेला नसतो. ओल कुठे धरते, दुपारी कुठली खोली तापते, रात्री कुठला नळ वाजतो, हे तो सांगणार कसं? घरात राहिलेला माणूसच ते सांगू शकतो. आणि तोच किल्ली दलालाच्या हातात टाकून निघून गेला, तर ते सगळं त्याच्याबरोबर जातं. घेणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून भिजावं लागतं, चटके खावे लागतात.

दिंडोलीचं घर घेणारं कुटुंब ओडिशातल्या गंजामचं. नवरा पांडेसऱ्यात लूमवर. आमचे वडील अंमळनेरहून आले तेव्हा तेही लूमवरच होते, म्हणून आईला हे गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं. घर त्यानं बायकोच्या नावावर घेतलं. गुजरातेत बाईच्या नावानं दस्त केला की एक टक्का नोंदणी फी माफ होते, हे दलालानं सांगितलेलं. बाई मात्र त्यामुळे हरखून गेली होती, आपल्या नावाचं घर म्हणून.

मी आईला म्हटलं, बांसारखी वही लिहून देऊ या. आई म्हणाली, "मराठी त्यांना कोण वाचून दाखवणार?" मग तिनं त्यांच्या आठवीतल्या मुलीला हाताशी धरलं आणि घरभर फिरवलं. आईची हिंदी मोडकी, मुलीची सुरती वळणाची. "ये टाकी का फ्लोट अटकता है, डंडे से हिलाने का." मुलीनं दप्तरातून वही काढली आणि उभ्याउभ्या लिहू लागली, त्या गोल गोल उडिया अक्षरांत. इथं महापालिकेच्या शाळा गुजरातीसारख्या मराठी आणि उडिया माध्यमातही चालतात. आम्ही भावंडं तशाच एका मराठी शाळेत शिकलो. मुलगी एकेक उतरवत गेली: मीटरची पेटी, गच्चीचा नळ, कुठल्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही कारण आत वायर आहे. मागच्या बोळात शेवग्याचं झाड आहे, त्याच्या शेंगा बोळातल्या पाच घरांत वाटायच्या, अशी आईनं वडिलांपासून चालत आलेली वाटणी सांगितली, आणि मुलीनं पाच घरांचे नंबर उतरून घेतले. ते नंबर लिहितानाच तिची आई ओट्यावरचा गुळाचा खडा बघून थांबली. काही बोलली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि आईच्या पाया पडली.

रात्री भावाकडे जेवायला बसलो. आईनं दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. "अगं, मागच्या दाराचं सांगायचं राहिलं." मी म्हटलं, उद्या सांगू. नाही. फोन लावूनच घेतला. पलीकडे मुलगी होती, आणि आई मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगत होती:

"पीछे का दरवाजा बारिश में फूलता है. जोर से खिंचने का नहीं बेटा, पहले ऊपर उठाने का, फिर खिंचने का. लिखा?"