वाद भटक्या कुत्र्यांचा, विसर नियमित लसीकरणाचा
- विशेष प्रतिनिधी

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाने २०२५ या वर्षात थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दिल्ली आणि परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवावीत, असा आदेश न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्यावर देशभर वादळ उठले. २२ ऑगस्ट रोजी तीन सदस्यीय खंडपीठाने या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशकाची मात्रा दिल्यावर कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांबाबत आणखी कठोर भूमिका घेण्यात आली.

या सगळ्या काळात समाज दोन तटांत विभागला गेला. एका बाजूला प्राणिप्रेमी, दुसऱ्या बाजूला श्वानदंशाने त्रस्त नागरिक. कुत्रे रस्त्यावर असावे की निवारागृहात, यावर हिरिरीने बोलले गेले. परंतु ते कुत्रे रस्त्यावर असो, निवारागृहात असो वा एखाद्या सदनिकेतील सोफ्यावर, त्याला यंदाची लस मिळाली आहे काय, हा साधा प्रश्न मात्र मागे पडला. माणसाच्या जिवाशी सर्वाधिक संबंध आहे तो याच प्रश्नाचा.

आकड्यांतील तफावत

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाख १७ हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली आणि रेबीजने झालेल्या संशयित मृत्यूंची संख्या ५४ होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्षही २०२४ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५ हजार ७०० माणसे रेबीजने दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज तर याहून कितीतरी मोठा, १८ ते २० हजार मृत्यूंचा आहे.

५४ आणि ५ हजार ७०० यांच्यातील दरी कशाने पडते? एक आकडा यंत्रणेकडे आलेल्या नोंदींचा आहे, दुसरा घरांत जाऊन विचारलेल्या प्रश्नांतून निघालेला आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की या रोगावर उपचार जवळजवळ नाहीतच. त्यामुळे अनेक रुग्ण शेवटचे दिवस घरीच काढतात आणि त्यांच्या मृत्यूचे खरे कारण कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. याच पाहणीतील आणखी एक बाब चिंताजनक आहे. चावा घेतल्यानंतर सुमारे एकपंचमांश लोकांनी लस घेतलीच नव्हती आणि ज्यांनी ती सुरू केली, त्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ती पूर्ण केली नव्हती.

याचा अर्थ स्पष्ट आहे. चावा बसल्यानंतर माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचेल, तेथे लस असेल, गरज पडल्यास प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही मिळेल आणि ठरल्या दिवशी तो पुन्हा येईल, या साखळीतील एक कडी निसटली तरी जीव जाऊ शकतो. माणसांतील रेबीजची ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यांपासून उद्भवतात. रोगाचा उगम जेथे आहे तेथेच तो अडवायचा, तर लस आधी कुत्र्याला टोचली पाहिजे.

गोव्याने काय केले?

परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली गेली तर विषाणूची साखळी तुटते, असे जागतिक पातळीवर मानले जाते. हे केवळ पुस्तकी गणित नाही, हे शेजारच्या गोव्याने दाखवून दिले आहे. तेथे २०१३ ते २०१९ या काळात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून मोहीम राबवली. पथके घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरली. पाळीव कुत्र्यांना हातात धरून आणि भटक्यांना जाळ्यात पकडून लस टोचली गेली. लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद स्मार्टफोनवर होत असल्याने कोणता भाग राहिला, हे त्याच दिवशी कळत असे. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळाली, तर शाळाशाळांतून सुमारे दीड लाख मुलांना या रोगाची माहिती देण्यात आली. परिणामी कुत्र्यांतील रेबीजचे दरमहा आढळणारे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०१७ नंतरच्या काही वर्षांत माणसांतील रेबीजचा एकही मृत्यू तेथे नोंदला गेला नाही.

गोवा लहान आहे, महाराष्ट्राचा पसारा मोठा आहे, हे खरे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. त्यांत पाळीव कुत्री आणि मांजरे धरलेली नाहीत. मात्र मोहीम एका वेळी संपूर्ण राज्यात राबवावी लागत नाही. ती वॉर्डावॉर्डाने, तालुक्यातालुक्याने पुढे नेता येते. प्रश्न आकाराचा कमी आणि सातत्याचा अधिक आहे.

निर्बीजीकरण म्हणजे लसीकरण नव्हे

येथेच आपल्या धोरणातील मूळ गफलत दडलेली आहे. प्राण्यांच्या जन्मदर नियंत्रणाचे नियम प्रथम २००१ मध्ये आले, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार कुत्रे पकडायचे, त्याची शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला खाच पाडायची आणि ते होते तेथे सोडायचे. महापालिकांचे अहवाल किती शस्त्रक्रिया झाल्या, हे अभिमानाने सांगतात. परंतु शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच करावी लागते, लसीचे तसे नाही. रेबीजची लस पुन्हा पुन्हा, आपल्याकडील प्रघातानुसार दरवर्षी द्यावी लागते. कानाची खाच कुत्र्याचे निर्बीजीकरण झाल्याचे सांगते. त्याची लस यंदा चालू आहे की चार वर्षांपूर्वीच तिची मुदत सरली, हे ती सांगू शकत नाही.

शिवाय शस्त्रक्रियेला शस्त्रक्रियागृह, भूल, नंतरची देखभाल आणि पिंजरे लागतात. एक केंद्र दिवसाला मोजक्याच शस्त्रक्रिया करू शकते. लसीकरणाचे पथक मात्र त्याच दिवसात रस्त्यावरच कितीतरी अधिक कुत्र्यांना लस टोचू शकते. कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी निर्बीजीकरण आवश्यकच आहे. पण त्याचे फळ मिळायला वर्षे लागतात. लसीचे संरक्षण काही आठवड्यांत मिळते. म्हणून ही दोन कामे एकमेकांना पूरक असली तरी त्यांचे वेळापत्रक आणि हिशेब वेगळे ठेवावे लागतील.

घरातल्यांचे काय?

भटक्या कुत्र्यांकडे बोट दाखवताना घरातील प्राण्यांकडे दुर्लक्ष होते. शहरांत कुत्रे आणि मांजर पाळणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली आहे. पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या काही महिन्यांत उत्साहाने लसी दिल्या जातात. मग पिल्लू मोठे होते, लसीकरण कार्ड कपाटात जाते आणि वार्षिक मात्रा विस्मरणात जाते.

पिल्लांच्या लसींत वारंवारता का असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. आईच्या दुधातून पिल्लाला मिळालेली प्रतिद्रव्ये सुरुवातीचे काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण तीच लसीचा प्रभावही निष्फळ करतात. ती नेमकी कधी ओसरतील, हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत मात्रा द्याव्या लागतात. दोन मात्रा झाल्या, आता तिसरी कशाला, असे म्हणून थांबणाऱ्या मालकाचे पिल्लू नेमक्या त्याच फटीतून पार्व्होच्या तावडीत सापडू शकते. रक्ताची हगवण आणि उलट्या यांनी दोन-तीन दिवसांत पिल्लू दगावते, तेव्हा लस देऊनही असे कसे झाले, हा प्रश्न विचारला जातो.

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पुढची मात्रा वर्षभराने देण्याऐवजी सहाव्या महिन्याच्या सुमारास द्यावी, असे सुचवले आहे. त्यानंतर पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या रोगांच्या लसी तीन वर्षांतून एकदा पुरतात. लेप्टोस्पायरोसिसची मात्र दरवर्षी लागते. तेव्हा दरवर्षी सर्वच लसी टोचून घेणे जसे अनावश्यक, तसे सर्वच विसरणे घातक. कोणती लस केव्हा, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे.

मांजरांची उपेक्षा तर त्याहून मोठी. मांजर घराबाहेर जात नाही, मग लस कशाला, हा युक्तिवाद नेहमीचा. मांजरांतील पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पादत्राणांवरूनही घरात येऊ शकतो आणि रेबीज मांजरालाही होतो. कुत्र्याच्या गोचिडांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराच्या अंगाला लागल्यास जीवघेणे ठरते. माणसाची पॅरासिटामोलची गोळीही मांजराला विषासमान आहे. घरगुती उपचारांनी गेलेल्या मांजरांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

एका घराचा नव्हे, वस्तीचा प्रश्न

प्रतिबंधक उपचार हा प्राणी पाळणाऱ्याचा खासगी षोक नाही, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळणारे हे जंतू कुत्र्यांनाही ग्रासतात आणि बाधित कुत्र्याच्या मूत्रातूनही पसरू शकतात. पिल्लांतील जंतांची अंडी मैदानातील मातीत मिसळतात आणि तीच माती मुलांच्या हातातून तोंडात जाते. म्हणून पिल्लांना तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी जंतनाशक दिले जाते. आपल्या उष्ण हवामानात गोचिडे बारमाही असतात. त्यांच्यामुळे होणारे रक्ताचे आजार केवळ पावसाळ्यापुरते राहत नाहीत.

हा धोका जंगलापर्यंतही पोहोचतो. २०१८ मध्ये गीरच्या अभयारण्यात २३ सिंह अल्पावधीत दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू आढळला आणि लस अमेरिकेतून मागवावी लागली. हा विषाणू कुत्र्यांतही असतो. जंगलाच्या सीमेवरील गावांत कुत्र्यांचे लसीकरण हा वन्यजीव संरक्षणाचाही भाग का मानला जातो, ते यावरून कळते.

यंत्रणा गुराढोरांसाठी

आपली सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणा प्रामुख्याने पशुधनासाठी उभी राहिली. ते स्वाभाविकही होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांवर फेऱ्याफेऱ्यांनी लसीकरण होते. गायी-म्हशींसाठी जे शक्य होते, ते कुत्र्यांसाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. रेबीज लसीसाठी राज्यांना केंद्राकडून साहाय्य मिळू शकते, परंतु त्याला मोहिमेचे स्वरूप आलेले नाही. महापालिका, पशुसंवर्धन विभाग आणि आरोग्य विभाग यांच्यात जबाबदारी वाटली गेली आहे आणि जी जबाबदारी तिघांची असते, ती बहुधा कोणाचीच नसते.

प्राण्यांवरील उपचारांची परंपरा मुंबईला नवी नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ चे, तर मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे अद्ययावत रुग्णालयही सुरू झाले. पण रुग्णालय आजारी प्राण्यासाठी असते. निरोगी प्राण्याला वर्षातून एकदा लस टोचण्यासाठी मोठे रुग्णालय नव्हे, तर वस्तीजवळचे शिबिर लागते.

काय करता येईल?

केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजने २०३० पर्यंत एकही माणूस मरू नये, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. प्रत्येक महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने वर्षातील एक पंधरवडा निश्चित करून लसीकरणाची फेरी करावी. तिचा हिशेब शस्त्रक्रियांपासून वेगळा ठेवून प्रभागवार जाहीर करावा. लस दिलेल्या भटक्या कुत्र्याला त्या वर्षाची ओळखखूण असावी. पाळीव कुत्र्याच्या परवान्याचे नूतनीकरण लसीच्या प्रमाणपत्राशी काटेकोरपणे जोडावे. गृहनिर्माण संस्थांनी कुत्रे पाळण्यास बंदी घालण्याच्या ठरावांऐवजी आवारात वार्षिक शिबिर भरवावे. ज्यांना रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे, त्यांनी ती कुत्री लसीकरणाच्या दिवशी पथकाच्या हाती द्यावीत. कारण ती कुत्री त्यांच्याच हाकेला येतात.

रेबीजने मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावा लहान असला तर ती घाबरून घरी सांगत नाहीत आणि उपचाराची वेळ टळून जाते. कुत्री रस्त्यावर ठेवावीत की नाहीत, या वादाचा निकाल कसाही लागला तरी या मुलांना त्यातून तत्काळ संरक्षण मिळणार नाही. ते मिळेल गल्लीतल्या कुत्र्याला वेळेवर टोचलेल्या लसीतून. २०३० उंबरठ्यावर आहे. दरवर्षीच्या एका पंधरवड्याचे हे काम यंदा टळले, तर त्याची किंमत पुढच्या वर्षी कोणत्या तरी घराला मोजावी लागेल.