आडनावाचे भाषांतर कुठे होते?

‘विशेषनामांचे भाषांतर करायचे नसते, केवळ लिप्यंतर करायचे असते’ हे वाक्य भाषांतरविद्येच्या वर्गांत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्यावर प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरावे. आम्ही तो उद्धटपणा करू इच्छितो. आमच्या मते हा नियम नसून जबाबदारी टाळण्याची एक सभ्य सबब आहे. आणि ती उघडी पाडायची तर इंग्रजी आडनावाचा रशियन भाषेत होणारा प्रवास पाहावा. तिथे लिपी बदलते, ध्वनी बदलतात आणि व्याकरणही नावाला मोकळे सोडत नाही.

आधी लिप्यंतराच्या निष्पापपणाचाच समाचार घेऊ. रशियन भाषेत इंग्रजीतल्या ‘ह’चा तंतोतंत ध्वनी नाही. जुन्या रिवाजात त्याच्या जागी ‘ग’ येई, म्हणून हॅम्लेट तिथे आजही ‘गाम्लेत’ आहे. पुढच्या काळात ‘ख’ रूढ झाला. परिणाम असा, की डार्विनचा पाठीराखा थॉमस हक्सली रशियन ग्रंथांत प्रायः ‘गेक्सली’ म्हणून वावरतो आणि त्याचा सख्खा नातू, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चा कर्ता आल्डस, ‘खाक्सली’ म्हणून. आजोबा आणि नातू यांना जोडणारा एकमेव उघड दुवा म्हणजे आडनाव. तोच लिप्यंतराने तोडला. मग अक्षरे बदलताना अर्थाला धक्का लागत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता व्याकरण. व्यंजनान्त परकीय आडनाव पुरुषाचे असेल तर रशियनमध्ये त्याला विभक्तिप्रत्यय लागतात, स्त्रीचे असेल तर लागत नाहीत. ‘शार्पचे’ असे म्हणायचे झाले तर पुरुषासाठी ‘शार्पा’, स्त्रीसाठी नुसतेच ‘शार्प’. शिवाय एकवचनी भूतकाळी क्रियापदालाही लिंग आहे. ‘स्मिथ गेला’ की ‘स्मिथ गेली’ हे इंग्रजी वाक्य झाकून ठेवू शकते, रशियन ठेवू शकत नाही. आपल्या मराठीतही ‘गेला-गेली’ टळत नाही, तेव्हा हा पेच आपल्याला परका नाही. एखाद्या लेखकाने पात्राचे लिंग आडनावाच्या आड मुद्दाम लपवले असेल, तर केवळ अक्षरे बदलणाऱ्या भाषांतरकाराने काय करायचे? नियम याविषयी मौन बाळगतो.

पण खरा प्रश्न याहून खोल आहे. तो आडनावाच्या वापराचा आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेट घराण्यात पाच बहिणी आहेत. त्या काळच्या शिष्टाचाराप्रमाणे नुसते ‘मिस बेनेट’ म्हटले की ती थोरली जेन. धाकटीचा उल्लेख ‘मिस एलिझाबेथ बेनेट’ असा व्हायचा. एलिझाबेथ एकटीच हन्सफर्डला जाते तेव्हा मात्र लेडी कॅथरीन तिलाच ‘मिस बेनेट’ म्हणते, कारण तिथे थोरली नाही. सर्वांत धाकटी लिडिया लग्न करून परतते आणि आता आपण विवाहिता म्हणून थोरल्या बहिणीचे मानाचे स्थान आपले, असे निर्लज्जपणे बजावते. या कादंबरीत आडनाव ही ओळख आहेच, पण ते घरातल्या पाटांची मांडणीही आहे. रशियन समाजात आदर व्यक्त होतो तो नाव आणि पितृनाम यांच्या जोडीने, नुसत्या आडनावाने थोरली-धाकटी ठरवण्याची ही रीत तिथली नाही. म्हणजे ‘मिस बेनेट’ ही अक्षरे रशियन पानावर सुखरूप पोहोचतात आणि त्यांतली मानाची उतरंड मात्र सीमेवरच अडते.

यावर काहीजण म्हणतील, ‘मग नावांचे भाषांतरच करून टाका.’ हा उलट दिशेचा अतिरेकही रशियनमध्ये घडलेला आहे. हॅरी पॉटरच्या कथांत स्नेप हे पात्र आहे. मारिया स्पिवाक यांच्या २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या भाषांतरात तो ‘झ्लेय’ होतो. ‘झ्लोय’ म्हणजे दुष्ट. ज्या पात्राचा खरा पक्ष कोणता, या संशयावर सात खंडांची मालिका तोलून धरली आहे, त्याचा निकाल नावातच लावून टाकला! रोस्मन प्रकाशनाच्या आधीच्या भाषांतरात तो ‘स्नेग’ होता. त्यात ‘हिम’ ऐकू येते, म्हणजे थंडपणा येतो पण निवाडा होत नाही. आणि गंमत अशी, की ‘पॉटर’ म्हणजे सरळ कुंभार, तरी दोन्हीकडे पॉटर पॉटरच राहिला. ते योग्यच झाले, कारण कथेने त्या अर्थाचा उपयोग करून घेतलेला नाही. सामान्य मुलाचे सामान्य आडनाव, एवढेच तिचे म्हणणे आहे. म्हणजे शब्दाला अर्थ आहे की नाही हा निकष नव्हेच. कृतीने तो अर्थ वापरला आहे की नाही, हा निकष.

टोल्किनने तर भाषांतरकारांसाठी स्वतंत्र टिपण लिहिले आणि ‘बॅगिन्स’ या आडनावात पिशवीचा भास राहिला पाहिजे असे सुचवले. मुराव्योव आणि किस्त्याकोव्स्की यांनी रशियनमध्ये ‘तोर्बिन्स’ केले. ‘तोर्बा’ म्हणजे झोळी, आणि शेपूट इंग्रजीच. झोळीही राहिली आणि परदेशही राहिला.

‘हे अद्भुतकथांपुरते ठीक, वास्तववादी कादंबरीत काय?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधली बेकी शार्प घ्या. तिच्या आडनावात बुद्धीची धार आहे आणि त्याच शब्दाच्या कुळात पत्त्यांत फसवणारा ठगही आहे. रशियनमध्ये धारदार बुद्धीसाठी ‘ओस्त्री’ आणि पत्त्यांतल्या ठगासाठी ‘शुलेर’ असे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. दोहोंना पोटात घेणारे आडनाव घडवता येत नाही. आणि घडवलेच तर लंडनच्या दिवाणखान्यात एक रशियन बाई येऊन बसेल. म्हणून ‘शार्प’ हे शार्पच राहू द्यावे, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु तेवढ्याने भाषांतरकार सुटला, हे मान्य नाही. लोक तिच्या बोलण्याविषयी, नजरेविषयी, हिशेबीपणाविषयी बोलतात तिथे त्याने ‘ओस्त्री’च्या कुळातले शब्द पेरावेत. नावातून निसटलेली धार आजूबाजूच्या वाक्यांत परत आणावी.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आडनावाचे भाषांतर आडनावात क्वचितच होते, ते वाक्यात होते. लिप्यंतर हा त्याचा आरंभ आहे आणि आपले वर्ग त्यालाच शेवट समजतात. यापुढे विद्यार्थ्याला ‘या नावाचा उच्चार काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘या पानावर हे नाव कोण उच्चारते, कोणाला उद्देशून, आणि त्याने कोणाचा मान वाढतो किंवा घटतो?’ हेही विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याचे लिप्यंतर कितीही शुद्ध असो, त्याने ते पान वाचलेले नाही.