खांड जाते बांधाला, बोलणी खातो ग्रामसेवक

शेतकरी बंधूंनो, उधाणाच्या भरतीला खारबांधाला खांड गेली आणि भातशेतीत खारे पाणी शिरले, की पंचनाम्याला कोण येतो? ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक. (२०२४-२५ मध्ये तिघांचीही पदनावे बदलली, पण रेवसच्या धक्क्यावर अजून जुनीच नावे चालतात.) सरकारी योजनेतला बांध दुरुस्त करणे खारभूमी खात्याकडे. नुकसान निदान ३३ टक्के असल्याशिवाय मदत बसत नाही, आणि तीही मंजूर होणार वरून. म्हणजे या माणसाच्या हाती फक्त टेप आणि कागद, पण शिव्या मात्र पहिल्या त्याला. कर्मचारी कामाला कंटाळतो त्याचे मूळ मला तरी इथे दिसते. जबाबदारी आहे, अधिकार नाही.

पगाराचा प्रश्न नाही असे कोणी म्हणू नये. कृषी सेवकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, आणि २०२३ पर्यंत ते महिना सहा हजार होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या लोकांसकट सात दिवस संप झाला. तुमची कामे अडली, हे खरेच.

पण पैशाने नाराजी जाते, उमेद येत नाही. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये हेच मांडले: माणूस रमतो तो कामात, कौतुकात, विश्वासात. अमेरिका कशाला, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आठवा. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना ते सुरू झाले. ग्रामसेवक तेच, पगारही तोच. पण गाव झाडू घेऊन बरोबर उतरले, आणि केलेले काम चार लोकांना दिसले.

आता मुख्यालयी राहण्याचे. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, असे २०१९ च्या शासन निर्णयाने ठरले. तुमची तक्रार रास्त आहे, साहेब दुपारच्या एस.टी.ने अलिबागला परततात. पण गावात भाड्याची बरी खोली आहे का, आणि त्याच्याकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज आहे का, हेही विचारा.

सरपंचांनी एवढे तरी करावे: ग्रामसेवकाचा गावातला वार आणि वेळ फळ्यावर लिहून लावावी. आणि खांड गेलीच, तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र थेट खारभूमी खात्याला पाठवावे, पोच घ्यावी. पंचनाम्याला आलेल्या माणसाशी भांडून बांध काही भरत नाही.