हसणाऱ्यांचे काय?

१९७०-८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या भारतीय, पाकिस्तानी घरांतल्या मुलांना शनिवार नकोसा वाटे. फुटबॉलचा सामना सुटला, की हुल्लडबाजांची टोळकी रस्त्यावर येत. मग ‘पाकी’ ही शिवी, कधी मारसुद्धा. काही मैदानांबाहेर नॅशनल फ्रंटची पत्रके विकली जात.

१९९१ च्या कायद्याने मैदानातल्या वंशद्वेषी घोषणा गुन्हा ठरल्या. पण गंमत पाहा, निदान दोघांनी मिळून ओरडले तरच! एकटा सुटे. ही पळवाट १९९९ मध्ये बुजवली.

तरी मला शिक्षक म्हणून प्रश्न पडतो, ऐकून हसणाऱ्यांचे काय? वर्गात एकाला रंगावरून चिडवले की बाकीचे हसतात. मीही कित्येकदा कानाडोळा केला. आज वाटते, छडी तिथेच उगारायला हवी होती. मुलांवर नव्हे, स्वतःच्या गप्प बसण्यावर.