राखीव बोट हवीच

दिवाडी बेटावर जायला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे, कुठूनही निघा, पाणी ओलांडायला फेरीबोटच लागते. शाळेची मुले, मासळीवाल्या, पणजीला कामावर जाणारे दुचाकीस्वार, सिमेंटच्या गोण्या, गॅसची सिलिंडरे, अडीअडचणीला रुग्णवाहिका, सगळे एकाच डेकवरून पार होतात. बोट बंद पडली की बेटाचा रस्ताच बंद पडतो. म्हणून गोव्याच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या फेरीबोटींचा प्रश्न हा वाहतुकीतला किरकोळ प्रश्न नव्हे.

या बोटीचे काम दिसते त्याहून कितीतरी कष्टाचे आहे. पैलतीर अवघ्या काही मिनिटांवर, त्यामुळे इंजिनाला एका लयीत चालायला मिळतच नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे. सारा ताण गिअरबॉक्सवर येतो. दर खेपेला रॅम्प काँक्रीटच्या उतारावर घासत टेकतो आणि त्यावरून गाड्यांची चाके जातात. त्याची कड झिजून चकचकीत झालेली असते, तर बिजागरीपाशी गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. मांडवी नदीत भरतीबरोबर खारे पाणी आत येते. जिथे पत्रा सतत भिजतो आणि वाळतो, त्या पाणरेषेवर गंज सर्वांत लवकर धरतो. बुडाचा पत्रा किती पातळ झाला आहे, हे वरून रंग मारून कळत नाही. बोट पाण्याबाहेर काढून, खरवडून, पत्र्याची जाडी मोजावी लागते. खलाशाच्या अनुभवी कानाला इंजिनाचे दुखणे कळते, पण पाण्याखालचे छिद्र त्यालाही दिसत नाही.

बोटीचे वय हा काही गुन्हा नाही. नीट राखलेली बोट दीर्घकाळ चालते. खरा धोका वेगळाच आहे. दुरुस्तीसाठी बोट काढून घ्यावी तर तिच्या जागी लावायला दुसरी हवी. ती नसेल तर दुरुस्ती पुढे ढकलली जाते, डागडुजीवर दिवस काढले जातात, आणि ऑगस्टमध्ये बेटावरचा बोंदेरा उत्सव पाहायला लोटलेली गर्दीही तीच थकलेली बोट वाहते. अशा वेळी काही विपरीत घडले तर दोष खलाशाच्या माथी मारला जाईल. बोटीला विश्रांती न देणारी व्यवस्था मात्र नामानिराळी राहील.

पूल झाले की फेरीबोटीचे दिवस संपले, असे मानणाऱ्यांनी ५ जुलै १९८६ आठवावा. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बांधून त्याला दोन दशकेही झाली नव्हती. १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेती यांना जोडून ठेवण्याचा मोठा भार फेरीबोटींनी उचलला. नदीकाठच्या राज्याने ही ताकद मोडीत काढायची नसते, राखायची असते.

जुलै २०२५ मध्ये चोडण–रायबंदर मार्गावर नव्या रो-रो बोटी आल्या, त्यांचे स्वागत आहे. पण एका मार्गावर नवी बोट आणल्याने बाकीच्या मार्गांवरच्या बोटींचे हाल थांबत नाहीत. आणि खर्चाचे कारण पुढे करून पायी जाणाऱ्याच्या मोफत प्रवासाला हात लावू नये. रस्त्यावरून चालायला आपण कुणाकडून पैसे घेत नाही. बेटावरच्या माणसाचा रस्ता पाण्यावरून जातो, एवढाच काय तो फरक. फेरीबोटीची देखभाल रस्त्यांच्या देखभालीइतक्याच हक्काने अंदाजपत्रकात आली पाहिजे.

नदी परिवहन खात्याकडे आमच्या तीन मागण्या आहेत. ज्या गावांना दुसरा रस्ता नाही, त्यांच्यासाठी चालू स्थितीतली राखीव बोट ठेवावी. प्रत्येक बोट गोदीत कधी जाणार, याचे वेळापत्रक आधी जाहीर करून ते पाळावे. आणि शेवटची तपासणी कधी झाली, किती माणसे व वाहने घ्यायची परवानगी आहे, लाइफजॅकेटे किती आहेत, हे प्रत्येक धक्क्यावर मराठी आणि कोंकणीत ठळक लिहावे. यातली शेवटची मागणी उद्या सकाळी पुरी होऊ शकते. पहिलीला पैसा लागेल, पण तो अपघातानंतर भरपाई म्हणून वाटण्यापेक्षा आज बोटीवर खर्च केलेला बरा.