एक कपबशी, हजार फोटो

दिवाळी जवळ आली, की ह्या सदराच्या वाचकांची पत्रे एकाच सुरात येऊ लागतात. "बोनस हाती आला आहे; कोणता कॅमेरा घ्यावा?" गेली काही वर्षे मी ह्या प्रश्नाला इमानेइतबारे उत्तरे देत आलो. यंदा मात्र ते धैर्य मला होत नाही. त्याचे कारण आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेले आहे.

तो माझ्या वडिलांचा फोटो. वडील गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. त्या दिवशी हार आणायला गेलेला मनुष्य परत आला, तरी हार घालायला फोटो सापडेना. घरात दोन कॅमेरे. सिंहगडाचे, कासच्या फुलांचे, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे असे हजारो फोटो मी काढून ठेवलेले. पण वडिलांचा, एकट्याचा, डोळे नीट उघडे असलेला, एकही नाही. शेवटी चुलतभावाकडच्या मुंजीतला एक घोळक्याचा फोटो हाती लागला. तो घेऊन मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धावलो. दोन तासांनी त्यांनी वडिलांना घोळक्यातून कापून बाहेर काढले, पाठीमागे निळे आकाश घातले, आणि अंगात चक्क कोट-टाय चढवला! "साहेब, ह्यानं जरा भारदस्त दिसतं," असे उत्तर मिळाले. मूळ प्रत त्या गडबडीत तिथेच राहिली ती राहिलीच.

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात टाय बांधला नव्हता. पण घरात माणसे जमलेली. वाद घालण्याची ती वेळ नव्हती. तोच फोटो भिंतीवर गेला. आई रोज सकाळी त्याला फूल वाहते. त्याबद्दल ती आजवर एकदाच बोलली. म्हणाली, "हे कोण रे साहेब आणून बसवलेत?"

आई यंदा मार्चमध्ये त्र्याऐंशीची झाली. त्या दिवशी मला एकदम घाम फुटला. तिचा तरी नीट फोटो आपल्याकडे कुठे आहे? होता तो बँकेच्या कागदांसाठी काढलेला, कपाळावर आठ्या असलेला. मी ताबडतोब कॅमेरा काढला, वर फ्लॅश चढवला, आईला भिंतीला टेकून बसवले आणि बटण दाबले. फोटो आला तो पोलीस चौकीत लावण्याजोगा! कपाळ तेल चोपडल्यासारखे चकाकते आहे, चष्म्याच्या दोन काचांत दोन विजा चमकल्या आहेत, आणि मागे भिंतीवर डोक्याची काळीकुट्ट सावली. आईने तो पाहिला आणि शांतपणे विचारले, "हाराचा का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. त्यानंतर कॅमेरा दिसला, की आई उठून आत जाऊ लागली.

बारा वर्षे छायाचित्रे काढणाऱ्या आणि त्यावर सदर लिहिणाऱ्या माणसाला आपल्या आईचा चेहरा टिपता येऊ नये! थोडा विचार केल्यावर ध्यानात आले, की मी आजवर उजेड वापरला तो निसर्गाने मांडून दिलेला. पहाटे गडावर जायचे आणि सूर्याने केलेल्या कामाखाली आपली सही ठोकायची! घरात, चार भिंतींत, उजेड स्वतःच्या हाताने मांडायची वेळ आली तेव्हा पाटी कोरी.

अशा वेळी मला एडवर्ड स्टायकेनची आठवण झाली. हा अमेरिकन छायाचित्रकार पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या व्हूलांजी नावाच्या खेड्यातल्या आपल्या घरी राहत होता. तोपर्यंत त्याचे नाव झालेले होते. तरी गडी पुन्हा शिकायला बसला. त्याने एक पांढरी कपबशी घेतली आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या निरनिराळ्या छटांसमोर ठेवून तिचे फोटो काढत सुटला. किती? हजाराहून अधिक! कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. पुढे १९२३ मध्ये 'व्होग' आणि 'व्हॅनिटी फेअर' ह्या मासिकांचा तो मुख्य छायाचित्रकार झाला आणि जगातले मोठमोठे चेहरे त्याच्या दिव्यांसमोर येऊन बसले. आपल्याकडे गवई पहाटे खर्जाचा षड्ज लावून बसतो, त्यातलाच हा प्रकार.

कपबशी तर आमच्याही घरात होती. मी नियम घातले. कप एक, टेबल एक, भिंग एक, दिवा एक. रोज एक तास, असे तीस दिवस, आणि रोज बदलायची ती एकच गोष्ट.

पहिल्याच दिवशी पांढराशुभ्र कप फोटोत राखाडी उतरला. ह्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याच्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे शिकवलेले असते. पांढरे पुढे आले, की ते बिचारे घाबरून उजेड कमी घेते. तेव्हा पांढऱ्याला एक-सव्वा स्टॉप उजेड आपण होऊन जास्त द्यायचा. हे मी पुस्तकांत दहादा वाचले होते, ह्या सदरात एकदा लिहिलेही होते. पण हाताला ते कळले त्या दिवशी.

पुढे पांढऱ्या टेबलक्लॉथवर कप ठेवला तर त्याची कडच नाहीशी झाली. किती दिवे हलवले तरी उपयोग नाही. शेवटी कपाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे केले, आणि काय सांगावे! त्या पुठ्ठ्यांचे काळे प्रतिबिंब कपाच्या चकचकीत कडेवर बारीक रेघेसारखे उमटले. जणू कोणी पेन्सिलीने कप काढून दिला. उजेड घालायचा असतो तसा तो काढूनही घ्यायचा असतो, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती.

अकराव्या दिवशी दिवा कपाच्या मागे नेला. समोरून कितीही उजेड पाडा, चहाची वाफ दिसत नाही. मागून, तिरका उजेड आणि पलीकडे अंधार असला, की ती उभी राहते. मी हर्षाने ओरडलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वाफ दिसणारच. चौथ्यांदा गरम केलाय मी तो चहा. आता पिणार आहात का कोणी?"

महिनाअखेर चारशे बारा फोटो झाले. स्टायकेनच्या हजारीला मी पोचलो नाही, पण घरातली माणसे त्याच्या घरच्यांपेक्षा कमी सोशिक असावीत.

जूनमध्ये मी एक नवा फ्लॅश घेतला. तो कॅमेऱ्यावर न बसवता स्टँडवर दूर ठेवायचा आणि रेडिओच्या लहानशा डबीने पेटवायचा. सोबत एक पांढरी छत्री. नवी वस्तू आल्याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत फ्लॅशचे तोंड भिंतीकडे फिरवले, म्हणजे उजेड परतून मऊ पडेल. उजेड मऊ पडला खरा, पण आमची भिंत पोपटी! मॉडेल म्हणून धरून आणलेले आमचे चिरंजीव कावीळ झाल्यासारखे दिसू लागले. उजेड ज्या भिंतीवरून येतो तिचा रंग अंगावर घेऊन येतो. मग सौभाग्यवतींची स्टीलची परात वापरून पाहिली, तर चेहऱ्यावर मासोळीच्या खवल्यांसारखे चमचमते कवडसे. अखेर एक साधा पांढरा पुठ्ठा कामी आला.

चिरंजीव दुसऱ्या दिवसापासून क्लासला वेळेवर जाऊ लागले. मग मी पाण्याचा माठ स्टुलावर ठेवला आणि त्याला माझा जुना चष्मा चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्यांची करमणूक झाली, परंतु खरे शिक्षण मला त्या माठाने दिले. दिवा माठापासून तीन फुटांवर असताना जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथा हिस्सा सहा फुटांवर आणि नववा हिस्सा नऊ फुटांवर. ह्या हिशेबाचा उपयोग असा, की दिवा चेहऱ्याच्या अगदी जवळ घ्यावा आणि माणसाला भिंतीपासून सहा फूट पुढे ओढावे. मागच्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्या, कॅलेंडर, गॅसचे पुस्तक सारे अंधारात विरून जाते. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या संसारात एवढी सोय कोणत्या महागड्या भिंगाने होणार?

चष्म्यातल्या विजेचेही औषध माठावरच सापडले. दिवा थोडा वर चढवायचा आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून केसभर उचलायच्या. काचा किंचित खाली झुकतात आणि दिव्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता खाली पडते.

राहिली सावलीची कड. ती छत्रीनेही मऊ पडेना. दिवा चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. सूर्य केवढा अवाढव्य. पण तो इतका लांब, की आपल्या लेखी तो लहानसा दिवाच, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी पडते. ढग आले, की सारे आकाश दिवा होते. (वाचकहो, ह्या दिवाळीत तुमच्या दारातल्या पांढऱ्या आकाशकंदिलाखाली कोणाला तरी उभे करून पाहा. आतला लहान दिवा कागदाने केवढा मोठा केलेला असतो! मोबाइलवरही हा फोटो सुरेख येतो. फ्लॅश तेवढा बंद ठेवा.) मला हवे होते एक मोठे, पांढरे, पातळ कापड. बाजारात तशा तयार चौकटी मिळतात. मी ट्रंक उघडली. तळाशी वडिलांचे एक धोतर होते, धुऊन धुऊन मलमलीसारखे झालेले. ते कपडे वाळत घालायच्या घोडीवर ताणून बसवले आणि मागे फ्लॅश ठेवला. माठावरची सावली इतकी हळुवार उतरली, की कुठे संपली ते कळेना.

पण माठ झाला, आई कुठे? ती कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. म्हणून श्रावणात मी नवा अभ्यास घेतला: फक्त हात. आई दुपारी वाती वळत बसते. मी म्हटले, "आई, चेहरा नाही घेत. वाती तेवढ्या घेतो." ती काही बोलली नाही, म्हणजे परवानगी. ह्यासाठी धोतर बाजूला ठेवले. हाताच्या शिरा, सुरकुत्या, कापसाचे तंतू दिसायचे तर उजेड एका बाजूने, अगदी सपाट घसटून जायला हवा. रोज दहा-पंधरा मिनिटे, असे आठवडाभर काढले. आईला बोटांना राख लावून कापूस पिळताना मी जन्मभर पाहिले आहे, पण तिच्या उजव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले आहे हे मला त्या आठवड्यात समजले.

रविवारी तिला ते फोटो दाखवले. तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "हे माझे नव्हेत. हे आमच्या आक्काचे हात." आक्का म्हणजे तिची आई, माझ्या जन्माआधीच गेलेली. तिचा एकही फोटो कोणाकडे नाही.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई मोरपिशी साडी नेसून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. "काढ आता," म्हणाली. "पण तो हाराचा नको."

माझे हात थरथरत होते हे कबूल केले पाहिजे. दिवा कुठे, किती फुटांवर, किती वर, हे मात्र आठवावे लागले नाही. माठाने ते सारे पाठ करून घेतले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला झगझगीत उजेड सोसत नाही, पण धोतराआडचा कमी जोराचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ पेटतो. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. सोळा फोटो झाले. सगळे चांगले, आणि सगळे 'फोटोला बसलेले'. मग तिचे लक्ष शेजारच्या घोडीकडे गेले. तिने हात लांब करून धोतराचा काठ बोटांत धरला आणि विचारले, "हे त्यांचं ना रे?"

"हो, त्यांचंच," मी म्हटले, आणि सतरावा घेतला.

तो फोटो मी छापून आणला. आईने तो हातात धरून, जवळ-लांब करून पाहिला. "बरा आहे," म्हणाली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझ्या यंत्रात त्यांचा तो कोट काढता येईल का?"

आजकाल संगणकाला सांगितले, की तो कोट काढून वाटेल तो पोशाख चढवून देतो. पण मग त्या स्टुडिओवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी सांगलीला चुलतभावाकडे गेलो. त्याने माळ्यावरून मुंजीचा आल्बम काढला. फोटो प्लॅस्टिकच्या पानाला चिकटून बसलेला; सोडवू गेलो तर फाटला असता. मग पानासकट जमिनीवर ठेवला, दोन्ही बाजूंना दोन टेबललँप सारख्याच अंतरावर, पंचेचाळीस अंशांत तिरके धरले, म्हणजे प्लॅस्टिकची चमक कॅमेऱ्यात येत नाही, आणि वरून फोटोचा फोटो घेतला.

त्यात वडील मागच्या रांगेत उभे आहेत. मांडवाच्या फटीतून डाव्या गालावर ऊन आले आहे. भटजींच्या खांद्यावर हात ठेवून ते कशाला तरी हसताहेत. अंगात पांढरा सदरा. गळ्यापाशी एक बटण उघडे आहे. मी आईला विचारले, "एवढं बटण तरी लावून देऊ का संगणकावर?"

"नको," ती म्हणाली. "ते तुटलेलंच होतं. मी लावायचं विसरले होते."