आधी पडायला शिका

‘डॉक्टरसाहेब, ह्याला जरा तुम्हीच समजावून सांगा. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष आहे आणि हा कॉलेजात तोंडाला रंग फासून जोकर होतोय!’ मागे एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले, ते असे म्हणतच. मुलाचे मनगट सुजले होते. युवा महोत्सवातल्या मूकनाट्याची तालीम करताना तो फरशीवर पडला होता. एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर दिसले, प्लास्टर घालावे लागले.

या मुलाला मी लहानपणापासून ओळखतो. बोलताना तो अडखळतो. तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास त्याचे पोट दुखायचे. मूकनाट्यात शिरल्यापासून त्या पोटदुखीसाठी तो एकदाही आला नव्हता. तोतरेपणा याने बरा होतो असे मी म्हणणार नाही. त्यासाठी वाचोपचारतज्ज्ञच गाठावा. पण चार लोकांपुढे उभे राहण्याची त्याची भीती कमी झाली, हे मी पाहिले. म्हणून वडिलांना म्हणालो, ‘बंद करू नका, नीट शिकवणारा शोधा.’

आपल्याकडे जोकर म्हणजे टवाळीचा विषय. पण कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे ‘जहरी प्याला’ हे वगनाट्य ज्यांनी पाहिले, त्यांना हसवणे किती अवघड काम आहे हे सांगायला नको. बोलपट आल्यानंतरही चार्ली चॅप्लिनने १९३१ साली ‘सिटी लाइट्स’ संवादांवाचून काढला. न्यूयॉर्कमध्ये तर १९८६ पासून शिकलेले विदूषक रुग्णालयांतल्या मुलांना भेटू लागले.

ही विद्या शिकताना काही पथ्ये मात्र पाळावीत. पहिला धडा पडण्याचा. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट मोडते. गुडघे वाकवावेत, हनुवटी छातीशी घ्यावी आणि कुल्ल्याच्या बाजूवर लोळत जावे. सराव गादीवर करावा. फरशीवर सतरंजी पुरत नाही. नसलेला दोर ओढताना किंवा नसलेल्या भिंतीला रेटताना कंबर, मान आणि खांदे खरोखर ताणले जातात. म्हणून आधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे.

तोंडाला ऑइलपेंट किंवा चंदेरी रंग कधीही लावू नये. पूर्वी कलावंत मुर्दाडशिंग लावत. त्यात शिसे असते, ते विषारी. चेहऱ्यासाठी बनवलेलाच रंग घ्यावा, आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडा लावून पाहावा आणि नंतर खोबरेल तेलाने पुसून काढावा, रॉकेलने नव्हे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तालीम सकाळी करावी, पाणी जवळ ठेवावे.

शेवटचे पथ्य मनाचे. लंगडा, तोतरा, जाडा यांची नक्कल करून हशा मिळतो, पण प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या मुलाला ती जखम वर्षानुवर्षे पुरते. चांगला सोंगाड्या आधी स्वतःला हसतो.

प्लास्टर निघाले त्या दिवशी वडील पुन्हा आले. मुलगा पुन्हा तालमीला जाणार, हे त्यांनी स्वीकारले होते. निघताना विचारले, ‘डॉक्टर, गादी किती जाडीची घ्यावी?’

शाळा-कॉलेजांना माझी विनंती आहे : सुट्टीत आठ दिवसांचे मूकनाट्याचे शिबिर घ्या, आणि पहिल्या दिवशी व्यायामशिक्षकांना बोलावून मुलांना पडायला शिकवा.